डबल बेल न देणारी बाई

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे दुसरं कुणी वाचायला आलं तर त्यालाही धागा लागेल. तुम्ही पहिलीच वेब मालिका लिहिताय. नायिका एस.टी.त कंडक्टर आहे, तालुक्याच्या डेपोत पाच वर्षं नोकरी झालेली. गावच्या पुढाऱ्याचा मुलगा आणि त्याचे दोन दोस्त सकाळच्या कॉलेजच्या गाडीत एका मुलीला रोज छळतात. तिसऱ्या भागाच्या शेवटी नायिका त्या तिघांना चालत्या बसमध्ये लोळवते. निर्मात्याने वाचून सांगितलं, बाई दमदार आहे पण खरी वाटत नाही. मैत्रीण म्हणाली, हा नेहमीचाच हिरो आहे, फक्त अंबाडा घातलेला. म्हणून तुम्ही मारामारी काढलीत, तर ती रडकी झाली. आता तुमचे तीन प्रश्न आहेत. मारामारी नाही तर मग तिने करायचं काय? तिला आधीची एखादी जखम द्यावी का? आणि शेवटी ती जिंकलीच पाहिजे का?

मी सत्तावीस वर्षं लिहिते आहे. सुरुवात एकांकिकांनी झाली, मग मालिकांचे संवाद, मग पटकथा. बायकांच्या भूमिका पुष्कळ लिहिल्या, त्यातल्या बऱ्याच फसल्या, आणि का फसल्या ते कळायला फार वर्षं गेली. त्यामुळे उत्तर लांबेल.

तुमचे तीन भाग मी दोनदा वाचले. पहिल्याच सीनमध्ये तुम्ही फार चांगलं काहीतरी लिहून ठेवलंय आणि पुढे ते विसरलात. पहाटे पावणेसहाला ती गाडीत चढते, तिकीट मशीन चालू करते, पहिला कागद फाडून बघते, पिशवीतली चिल्लर मांडीवर ओतून मोजते आणि मग दोरी ओढून डबल बेल देते. गाडी हलते. हा सीन वाचताना मी खुर्चीत पुढे सरकले. आणि तिसऱ्या भागात मारामारी सुरू झाली की ती कंडक्टर उरतच नाही. मशीन कुठे गेलं? पैशाची पिशवी गळ्यात असताना कुणी उडी मारेल का? त्या पिशवीतला एक रुपया कमी आला तरी संध्याकाळी हिशेब देताना तो तिच्या खिशातून जाणार आहे. मारामारी वाईट नाही. मात्र ती करताना तुम्ही तिचा पेशा, तिची भीती आणि तिची सत्ता, तिन्ही काढून घेतलंत. तिच्या जागी कोणीही असतं तरी सीन तसाच राहिला असता.

मारणाऱ्या बायका आपल्या पडद्यावर नव्या नाहीत, हेही लक्षात ठेवा. १९३५ साली वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'त नादिया घोड्यावर बसून, चेहऱ्यावर मुखवटा चढवून चाबूक ओढत होती. मूळची मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, आणि स्टंट स्वतः करायची. पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अमरज्योती'त दुर्गाबाई खोटे समुद्री चाच्यांची म्होरकी सौदामिनी झाल्या, कारण राज्याचा कायदा आईला स्वतःच्या मुलावर हक्क देत नव्हता. म्हणजे तलवार आणि चाबूक बाईच्या हातात येऊन नव्वद वर्षं झाली. नादियाची नक्कल करू नका असं मी म्हणत नाही, ती मला मनापासून आवडते. पण 'हंटरवाली' हा शब्द आपल्या बोलण्यात कसा उरला ते ऐका. कडक बाईला लोक मागून हंटरवाली म्हणतात. चाबूक लक्षात राहिला, त्या राजकन्येला काय हवं होतं ते विसरलं गेलं. तुमच्या नायिकेच्या लाथेचं तेच होईल.

आता माझं म्हणणं. आपल्याकडच्या ज्या नायिका मला खऱ्या अर्थाने हिरो वाटतात त्यांची मुख्य कृती एकच आहे: नकार. त्या एका ठिकाणी 'नाही' म्हणतात आणि मग त्या नाहीवर उभ्या राहतात. हे लिहायला अवघड, कारण नकारात वरवर काही घडत नाही. लेखक घाबरतो, त्याला वाटतं नायिका नुसती उभी आहे, आणि तो तिच्या तोंडी भाषण घालतो नाहीतर हातात काठी देतो. मीही हेच करत आले.

मला हे ज्या दिवशी कळलं तो प्रसंग सांगते. एका स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली होती. विषय हक्कसोडपत्राचा. वडील गेल्यावर भाऊ बहिणीला बोलावतो, साडी-चोळी करतो, पुरणपोळीचं जेवण घालतो आणि ताट उचललं गेलं की कागद पुढे सरकवतो. १९९४ च्या महाराष्ट्रातल्या दुरुस्तीने आणि मग २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण गावोगाव बहिणी अजून सह्या करून माहेर राखतात. माझी नायिका सही करत नाही. त्यासाठी मी तिला दीड पानाचं स्वगत दिलं होतं. कायदा होता, आईचे कष्ट होते, सीता आणि द्रौपदी दोघी होत्या. तालमीत ते म्हणणारी मुलगी तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "ताई, मी हे बोलते तेव्हा भाऊ काय करतो? तो माझ्याकडे बघत बसतो. त्याला ऐकायची काय गरज आहे?" मग तिने एक गोष्ट करून दाखवली. भावाने दिलेलं पेन उघडलं, कागदावर टेकवलं, थांबली. टोपण शोधलं. ते मांडीवरच्या पदराच्या घडीत घरंगळलं होतं. शोधून ते शांतपणे पेनाला लावलं, पेन भावाच्या सदऱ्याच्या खिशात परत खोचलं आणि वहिनीला विचारलं, "पोळ्या उरल्यात का गं? पोरांना नेते चार."

तालमीच्या खोलीत बसलेले आम्ही सहा-सातजण गप्प झालो. टोपणाचा तो टक् आवाज मला अजून ऐकू येतो. स्वगत मी त्याच रात्री काढलं. नकाराला वस्तू लागते, साक्षीदार लागतात आणि नकारानंतर लगेच काहीतरी साधं, रोजचं करावं लागतं, हे मला तिने शिकवलं. पुस्तकातून शिकले नाही.

त्यानंतर जुनं पुन्हा बघायला लागले, या एकाच नजरेने. सगळ्यात आधी 'कुंकू'. १९३७ सालचा प्रभातचा, शांतारामबापूंनी केलेला, नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. नीरा नावाच्या मुलीला फसवून म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी लावून दिलेलं असतं. नीरा शांता आपटेंनी केली, आणि तो वकील, म्हणजे काकासाहेब, केशवराव दात्यांनी. नीरा काय करते? ती पळून जात नाही, विहिरीत उडी मारत नाही, कुणाचा खून करत नाही. त्याच घरात राहते आणि हे लग्न मला मान्य नाही, असं वागत राहते. पत्नी म्हणून नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. त्या काळी प्रेक्षागृहात बसलेल्या माणसांना हे किती जड गेलं असेल याचा विचार करा. घर सोडून गेलेली बाई वाया गेली म्हणून सोडून देता येते. घरातच राहून नाही म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं?

लेखक म्हणून 'कुंकू'कडून दोन गोष्टी घ्या. पहिली म्हणजे आवाज. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे काही ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यावरचं, वस्तूंचं. भिंतीवरचं जुनं घड्याळ तर जवळजवळ पात्र आहे. संगीत नसल्यामुळे तुम्हाला कुणी सांगत नाही की आता हिची कीव करा, आता हिचं कौतुक करा. नकार उघडा पडतो. दुसरी गोष्ट, काकासाहेब राक्षस नाहीत. ते लाजतात, मिशीचे पांढरे केस काळे करायला बघतात, आणि आपण काय केलंय ते त्यांना हळूहळू कळत जातं. नीराच्या नकाराचा परिणाम दिसतो तो या माणसात. नकार देणारी हलत नाही, तिच्याभोवतीचं सगळं घर हलतं. तुम्ही पुढाऱ्याच्या मुलाला पहिल्या फ्रेमपासून दात विचकायला लावलंत. त्याच्यात हलण्यासारखं काही ठेवलंच नाही.

याच घरात आलेल्या प्रौढ सावत्र मुलाने चावटपणा केल्यावर नीरा छडीने त्याला फोडून काढते. म्हणजे हात उचलायला बंदी नाही. पण तोवर आपण तिचा मोठा नकार पाहिलेला असतो, म्हणून ती छडी तिची वाटते.

इथे थोडं विषयांतर करते. शांता आपटे खऱ्या आयुष्यातही तशाच होत्या. १९३९ साली करारावरून वाद झाला तेव्हा त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुण्यातल्या त्या फाटकावरून आज फिल्म इन्स्टिट्यूटची मुलं ये-जा करतात. त्यातल्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. मी तिथे गेले की दर वेळी क्षणभर थांबते.

दुसरं उदाहरण मराठीबाहेरचं, पण तुमच्या बससाठी ते सगळ्यात जवळचं आहे. केतन मेहतांचा 'मिर्च मसाला', १९८७ चा. स्मिता पाटील आदल्या डिसेंबरात गेल्या होत्या. गोष्ट इंग्रजी अमलातल्या गुजरातेतल्या एका गावाची. सुभेदाराला सोनबाई हवी आहे. ती त्याला थोबाडीत मारून पळते आणि मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा चौकीदार अबू मियाँ फाटक लावून घेतो. यानंतर जवळजवळ सगळा चित्रपट त्या बंद फाटकाचा आहे. बाहेर सुभेदाराचे शिपाई, आत मिरच्या कुटणाऱ्या बायका, मध्ये एक लाकडी दार.

लेखकाने अभ्यास करावा असा भाग दाराच्या आतला आहे. सुभेदार काय करणार ते आपल्याला माहीत आहे. पण आतल्या बायकाच सोनबाईला म्हणायला लागतात, तू एकटी गेलीस तर आम्ही सगळ्या सुटू. गावही तेच म्हणतं, मुखी म्हणजे गावचा प्रमुख, तोही तेच म्हणतो. तिच्या नकाराची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते आहे आणि ते तिच्यावर चिडले आहेत. आता तिचा नकार जड झाला. शत्रूला नाही म्हणणं त्या मानाने सोपं असतं. आपल्याच शेजारी बसून जेवणाऱ्या बाईला नाही म्हणताना घसा दाटतो. मुखीच्या बायकोची छोटी भूमिका पण नीट पाहा. ती नवऱ्याच्या घरातून थाळी वाजवत बाहेर येते आणि बायका तिच्यामागे येतात. नकार एका दारातून दुसऱ्या दारात जातो. शेवटी मिरचीची पूड उधळली जाते, तीही त्यांच्या रोजच्या कामातली वस्तू. बाहेरून आणलेलं शस्त्र नाही. सोनबाई हातात कोयता घेऊन उभी असते आणि तिथेच चित्रपट थांबतो.

तर आता तुमची बस.

तुमच्या नायिकेकडे एक सत्ता आहे आणि ती तुम्हीच पहिल्या सीनमध्ये दाखवली आहे. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. समोर साहेब असो, पुढारी असो, ड्रायव्हर स्वतः तिचा नवरा असो. गाडीत पन्नास माणसं, आणि ती सगळी एका दोरीवर. पोलिसाच्या काठीइतकीच ही सत्ता खरी आहे, फरक इतकाच की आजवर तिने ती फक्त गाडी पुढे न्यायला वापरली.

मी असते तर तो सीन कसा लिहिला असता ते ढोबळ सांगते. तुम्ही तसाच लिहा असं नाही. फाट्यावर गाडी थांबते. ती तिघं चढतात, मुलीच्या शेजारी, मागे, पुढे बसतात. मुलगी खिडकीला चिकटते, पासाचं कार्ड हातात धरून बसते. तो पास मुलींना बारावीपर्यंत फुकट मिळतो, अहिल्याबाईंच्या नावाचा, तेवढा एक कागद हातात आहे म्हणून ती शिकते आहे. हे संवादात आणू नका, कार्डाचा कोपरा चावून चावून मऊ झालेला दिसू द्या. कंडक्टर तिकिटं फाडत मागून पुढे येते. त्या तिघांपाशी थांबते. पैसे घेते, तिकीट देते, सुटे परत करते. सगळं नेहमीसारखं. मग दाराशी जाते आणि दोरीला हात लावत नाही.

ड्रायव्हर आरशात बघतो. "ताई, बेल?" ती म्हणते, "हे तिघं उतरले की."

बस्स, इतकंच. आता काय होतं ते लिहा. दहा सेकंद, वीस सेकंद. इंजिन घरघरतंय. तिघं हसतात. मागून कुणीतरी म्हणतं, "अहो बाई, चला की, उशीर होतोय." तिथून पुढे तुमचा सीन 'मिर्च मसाला'च्या फाटकाच्या आत गेला. दवाखान्यात निघालेली म्हातारी आहे. तारखेला निघालेला शेतकरी आहे, कोर्टात पुकारा झाला आणि तो नसला तर पुढची तारीख तीन महिन्यांनी. अर्ध्या तिकिटावर रोज बाजाराला जाणाऱ्या भाजीवाल्या आहेत, त्यांच्या मेथीचं पाणी सुटतंय. हे सगळे मुलीच्या बाजूचे आहेत, आणि दोन मिनिटांत सगळे कंडक्टरवर चिडतील. कुणीतरी मुलीलाच म्हणेल, "तूच उतर ना बाई, मागून दुसरी गाडी आहे." हे वाक्य सीनचा कणा आहे. ते एखाद्या चांगल्या, मायाळू बाईच्या तोंडी द्या. खलनायकाच्या तोंडी दिलंत तर वाया जाईल.

आणि कंडक्टरचं काय जातंय, ते मोजून ठेवा. गाडी उशिरा पोचली की कंट्रोलर विचारणार. पुढाऱ्याचा फोन डेपो मॅनेजरला जाणार. तिच्यावर रिपोर्ट होणार. ड्रायव्हर चांगला माणूस आहे, पण त्याला निवृत्तीला आठ महिने आहेत आणि तो तिच्याकडे विनवणीने बघतो. हात उचलणं यापेक्षा कितीतरी स्वस्त होतं. लाथ मारायला दोन सेकंद लागतात. इथे तिला अकरा मिनिटं दोरीपासून हात लांब ठेवायचा आहे. मला विचाराल तर ती अकरा मिनिटं खऱ्या वेळेत दाखवा, म्हणजे पडद्यावरही अकरा मिनिटंच. निर्माता घाबरेल. त्याला संगीत भरायचं असेल. इंजिनाच्या आवाजावर अडून बसा.

आता दुसरा प्रश्न, जखमेचा. तुमच्या दुसऱ्या खर्ड्यात तुम्ही तिच्या धाकट्या बहिणीने अशाच त्रासामुळे जीव दिला असं आणलंय. ते काढा, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे बाई शूर झाली की लेखक आधी तिच्यावर अत्याचार करतो. जणू काही झालं नसतं तर ती घरी भाजी निवडत बसली असती. पुरुष नायकाला पुष्कळदा आपण सरळ शूर मानतो, बाईला शूर व्हायला परवाना लागतो, आणि तो परवाना तिच्या अंगावरच्या जखमेचा. मी मालिकांसाठी असे परवाने कितीतरी लिहिले. एका मालिकेत नायिकेला उभं करण्यासाठी आम्ही ट्रॅकमध्ये तिचा गर्भ पाडला होता. त्या बैठकीत मी होते, मी मान हलवली होती. त्याची मला आजही लाज वाटते.

जखमेच्या जागी इच्छा ठेवा. अन्याय व्हायच्या आधी तिला काय हवं होतं? 'उंबरठा' बघा, जब्बार पटेलांचा, १९८२ चा, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा महाजन चांगल्या घरातली आहे. नवरा वकील, मारझोड नाही, सासर खाऊनपिऊन सुखी, लहान मुलगी आहे. तिला कुणी छळलेलं नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलंय आणि तिला काम करायचंय, म्हणून ती दूरच्या महिलाश्रमाची अधीक्षिका व्हायला घराबाहेर पडते. इच्छा तिची, जखम नाही. त्यामुळेच तो चित्रपट अजून खुपतो. मी कार्यशाळेत तो दाखवते तेव्हा पहिला आक्षेप ठरलेला असतो: मुलीला सोडून गेली ना पण! मुलं म्हणतात, मुलीही म्हणतात. मी तेव्हा विचारते, हाच प्रश्न नोकरीसाठी दुबईला गेलेल्या बापाबद्दल किती चित्रपटांनी विचारला? आणि शेवटी तर सुलभा आश्रमातही हरते. व्यवस्था सुधारत नाही, ती राजीनामा देते, घरी परतते, तिथे नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि ती पुन्हा निघते. हरलेली असूनही ती हिरो आहे, कारण दोन्ही वेळा दाराबाहेर पाऊल टाकायचं तिने स्वतः ठरवलं. कुणी तिला बाहेर ढकललं नाही.

तुमच्या कंडक्टरला काय हवंय? मला तुमच्या पानांत ते एका ठिकाणी दिसलं. तिला लांब पल्ल्याची गाडी हवी आहे. पाच वर्षं ती तालुक्यातल्या तालुक्यात फिरतेय, तिला एकदा आपल्या हाताने रातराणीची डबल बेल द्यायची आहे. किती सुंदर, किती तिची अशी ही इच्छा! तुम्ही ती एका संवादात उरकली. तीच पुढे आणा. मग अकरा मिनिटांत ती काय पणाला लावतेय ते प्रेक्षकाला बरोबर कळेल.

बळाबद्दलही एक सांगायचंय, कारण 'सैराट'चा उल्लेख तुम्ही केलाय. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर घेऊन परश्याच्या घरी जाते, वेळ आल्यावर पिस्तुलही चालवते, आणि २०१६ साली सगळ्या महाराष्ट्राने शिट्ट्या वाजवल्या. आर्चीसारखी नायिका हवी असं मला मग दर निर्माता म्हणायचा. पण तिची ती ऐट पाटलाच्या वाड्याची आहे, हे नागराज मंजुळे पहिल्या अर्ध्यात दाखवतात आणि दुसऱ्या अर्ध्यात ती ऐट काढून घेतात. हैदराबादच्या झोपडपट्टीत बुलेट नाही, नोकर नाहीत, भाषा नाही. तिथे ती कामाला जायला शिकते, भांडते, परत फिरायला निघते आणि पुन्हा येते. माझ्या मते ती हिरो होते ती तिथे. तेव्हा कुणी शिट्टी वाजवत नाही. तुमच्या नायिकेचं बळ कुठून आलंय ते विचारा. वर्दीतून? मग वर्दी उतरल्यावर, सुट्टीच्या दिवशी बाजारात ते तिघं समोर आले तर ती काय करते, असा एक सीन लिहून पाहा. मालिकेत नाही ठेवलात तरी चालेल.

संवादांबद्दल. तिसऱ्या भागात तुम्ही तिला जिजाऊ, झाशीची राणी, सावित्रीबाई एका दमात म्हणायला लावलंय. तुमची भावना मला समजते, ती खोटी नाही. पण गाडीत उभी असलेली बाई असं बोलत नाही. नकार जितका छोटा तितका पक्का. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये, खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेला शेवटी केवढं मोठं स्वगत आहे, हे मला माहीत आहे. पण ते कुठे आहे ते पाहा. ती बोलते तेव्हा बाकी सगळे गोठलेले असतात. कोर्टातल्या एकालाही ते ऐकू जात नाही. जगासमोर ती गप्पच राहते, बोलते ती आपल्यापाशी. १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेने हे नाटक केलं तेव्हा सुलभा देशपांडेंनी बेणारे उभी केली. त्या स्वगताच्या मोहात आमच्या पिढीने शेकडो स्वगतं लिहिली आणि ते गोठणं मात्र विसरली.

छोट्या नकाराचा नमुना हवा असेल तर फार मागे जा. 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी.' जनाबाई. नामदेवाच्या घरची दासी. पदर, खांदा, बाजार. एक वस्तू, एक हालचाल, साक्षीला सगळं गाव. सातशे वर्षांपूर्वीच्या बाईने पटकथेचा सगळा धडा एका ओळीत बसवला आहे. मी नवीन काही लिहायला बसते तेव्हा ही ओळ कागदाच्या वर लिहिते.

मैत्रिणीच्या त्या शेऱ्याबद्दलही, की हा नेहमीचाच हिरो आहे. रिडली स्कॉटच्या 'एलियन'ची मूळ पटकथा लिहिताना अंतराळयानावरची सगळी पात्रं स्त्री किंवा पुरुष कुणीही करू शकेल अशी ठेवली होती, आणि त्यातून रिप्ली ही नायिका मिळाली. अंतराळात ते चालून गेलं. तुमच्या डेपोत चालणार नाही, कारण तिथे स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि तुमची नायिका दुपारपर्यंत पाणी पीत नाही. हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. अकरा मिनिटं गाडी अडवून उभी राहिलेली बाई सकाळपासून पाणी न प्यायलेली आहे, एवढं जरी आम्हाला माहीत असलं तरी मैत्रिणीचा आक्षेप उरणार नाही.

तिसरा प्रश्न, जिंकण्याचा. टीव्हीने आपल्याला एक वाईट सवय लावली आहे. दोनशे भाग सोसायचं आणि एका रविवारी महाएपिसोडात थोबाडीत मारायची, की सगळे खूश. सोमवारी पुन्हा सोसणं सुरू. तिथे विजय हा सोसण्याचा मोबदला असतो. तुम्ही त्या फेऱ्यात जाऊ नका. ती तिघं उतरली की गाडी निघेल, तेवढा विजय त्या दिवसापुरता पुरे. पण चौथ्या भागात रिपोर्ट आलाच पाहिजे, पाचव्यात तिची ड्युटी बदललीच पाहिजे. रातराणी तर लांबच, तिला डेपोत बसवून फॉर्म भरायला लावा. तिने पुढाऱ्याला माफी लिहून द्यायची की नाही, हा तिचा दुसरा नकार असेल, आणि तो पहिल्यापेक्षा कठीण, कारण या वेळी कुणी प्रवासी बघत नाहीत. बंद खोली, टेबल, कागद, पेन. (टोपण माझ्याकडून घ्या.)

आणि एक पात्र हरवू देऊ नका: ती मुलगी. तीन भागांत तिला एकही वाक्य नाही. ती फक्त वाचवली जाते. 'मिर्च मसाला'त थाळी घेऊन बाहेर येणारी बाई आठवा. कंडक्टर बदलली गेल्यावर सकाळच्या गाडीत नवा कंडक्टर असेल, ती तिघंही असतील. गाडी फाट्यावर थांबेल. नवा कंडक्टर दोरीला हात घालेल. तेव्हा मुलगी जागेवरून उठेल की नाही, उठली तर दोरीपर्यंत जाईल की दाराशी, हे मी सांगणार नाही. पण तो सीन तुमच्याकडे आहे, कारण पहिल्या सकाळी पावणेसहाला तुम्हीच ती दोरी आम्हाला दाखवली होती. पुढचा खर्डा झाला की पाठवा. फक्त पाठवण्याआधी एकदा पहाटेच्या गाडीने स्वतः प्रवास करून या, दाराजवळच्या सीटवर बसून, आणि बेल नेमकी कशी वाजते ते कानाने ऐकून लिहा.